पणजोबांची तुळई

अमेरिकेत जॉर्जियातल्या एका गावाचे गोरे महापौर प्रेंटिससाहेब. गावाच्या वाढदिवशी दरवर्षी त्यांचंच नाटक, आणि त्यात त्यांचे पणजोबा एकट्याच्या हातांनी गाव उभारायचे.

यंदा ओडेलियाबाई म्हणाल्या, "बांधकाम आम्हा काळ्यांच्या पूर्वजांनी केलं. आम्हालाही भूमिका द्या."

"इतिहासात तुम्ही नव्हतात," महापौर म्हणाले. "तुम्ही आपलं पडद्यामागे सामान उचला."

प्रयोगाला सगळी काळी मंडळी पडद्यामागे न जाता पहिल्या रांगेत उकडलेल्या शेंगा खात बसली. पणजोबा झालेल्या महापौरांनी चर्च बांधण्याच्या प्रसंगात खरीखुरी तुळई खांद्यावर घेतली आणि तिच्यासकट रंगमंचभर भेलकांडू लागले.

"अहो, कुणीतरी हात लावा!"

"लावला असता," ओडेलियाबाई शेंग सोलत म्हणाल्या, "पण इतिहास बदलेल हो."

"बदलू द्या," तुळईखालून आवाज आला. "आत्ताच बदलू द्या."