इस्त्रीबाईंची ऊब

फार जुनी गोष्ट. तेव्हा गावात वीज जात असे. आता कुठे जाते म्हणा. सगुणाबाईंच्या पडवीत एक इन्व्हर्टर होता. वीज गेली की अंडी उबवायच्या पेटीतला दिवा तो पेटता ठेवी. पिल्लं बाहेर पडायला आली होती, आता ऊब तुटून चालणार नव्हतं.

ऐन वेळी वीज गेली, आणि सुनेच्या माहेराहून आंदणात आलेल्या इस्त्रीबाई इन्व्हर्टरच्याच वायरीवर येऊन बसल्या. भार पेलेना, तसा इन्व्हर्टर आपणहून बंद झाला. जरा थांबून पुन्हा उठला, तर बाई तिथेच. पुन्हा बंद.

"एवढ्यात दमलास?" इस्त्रीबाई म्हणाल्या. "तुझा थोरला भाऊ कुणाला कधी नाही म्हणाला नाही."

"म्हणून तर तो जळून माळ्यावर पडलाय," इन्व्हर्टर म्हणाला. "तुम्ही उठा, मग मी उठतो."

"अहो बाई, माझी लेकरं गारठली," पेटी कळवळली.

"मी आहे ना ऊब द्यायला," इस्त्रीबाई म्हणाल्या, आणि थंडगार बसून राहिल्या.

शेवटी सगुणाबाईंनी चडफडत इस्त्रीची पिन उपटली. कुणी न सांगता इन्व्हर्टर उठला, दिवा लागला, आणि दुपार कलायच्या आत पेटीत चिवचिव सुरू झाली.

इस्त्रीबाई अजून सांगतात, "तो मेला झोपा काढत होता. पिल्लं निघाली ती माझ्या उबेवर."

घरातले सगळे सदरे त्यावर माना डोलावतात. त्यांना रोज बाईंच्याच खालून जायचं असतं.