न भिजलेली माती

दुपारच्या नमाजाच्या सुमारास डोंगरातून पाण्याचा लोंढा आला. झरीनशहा बाबा तेव्हा स्पिनकोट गावी, शमरोज विणकराच्या अंगणात बसले होते.

भाविकहो, तो सरहद्दीवरचा पठाणी मुलूख. तिथे ना विहीर, ना कालवा. असा लोंढा आला की तो मातीच्या बांधाने अडवायचा आणि त्या ओलीवर गहू पेरायचा. रिवाज एकच: वरच्याचं शेत भिजलं की त्याने बांध फोडून पाणी खाली सोडायचं. वरचं शेत गुलदाद खानाचं. तो गावचा मलिक, म्हणजे आपल्याकडचा पाटील. त्याच्या खाली शमरोजचा तुकडा. गेल्या वर्षी तो कोरडाच राहिला होता. यंदाही राहिला असता, तर पोरांना घेऊन त्याला गाव सोडावं लागलं असतं.

मलिकाच्या शेतात गुडघाभर पाणी साचलं, तरी तो बांध फोडेना. शमरोज विनवायला गेला.

"विणकराला पाणी कशाला रे? सूत भिजवायला?" मलिक म्हणाला. बांधावरची माणसं हसली. "जा, तुझ्या त्या झरीनशहा बाबांना सांग ढग पिळायला."

बाबा मागोमाग आलेच होते. पाण्याचे तंटे मिटवायला तहसीलदारही हजर होते. त्यांनी विचारलं, "खानसाहेब, शेत भिजलं ना?"

"बापाच्या कबरीची शपथ, माझी जमीन अजून थेंबभरही प्यालेली नाही."

बाबा म्हणाले, "मलिक, शपथ मोठी आहे. मागे घ्या."

"घेत नाही."

"मग तुमचा शब्द खरा होवो." एवढं बोलून बाबा बांधावर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी किती मुरलं ते पाहायला मलिकाच्या गड्याने पाण्यात उतरून फावडं मारलं. वर आली ती कोरडी माती. मलिक स्वतः उतरला. त्याने तळाची मूठभर माती उचलली. ती वाऱ्यावर धुळीसारखी उडाली. कुणी हसलं नाही. तहसीलदारांनी नजर दुसरीकडे वळवली.

मलिकाने स्वतःच्या हाताने बांध फोडला. संध्याकाळपर्यंत शमरोजची जमीन हातभर खोल भिजली.

अपराध कबूल करायचा तर पठाण मेंढा घेऊन दारी जातो. मलिकही तसाच शमरोजच्या दारी गेला; बाबा तिथेच होते. पगडी गळ्यात घेऊन तो बाबांच्या पायांशी वाकला. "बाबा, शपथ मागे घेतो."

"माझ्याकडे काय मागता? पाणी याचं अडवलंत."

मलिक शमरोजकडे वळला.

"खानसाहेब, आत या," शमरोज म्हणाला. "चहा घ्या."

मलिकाने चहा घेतला. मान मात्र त्याला वर करता आली नाही.

शमरोजचा गहू कमरेइतका झाला. मलिकाच्या शेतात त्यानंतर पुन्हा लोंढ्याचं पाणी साचलं. तो अजूनही रोज सकाळी तिथली माती मुठीत घेऊन पाहतो. ती भिजल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.