सापांचे उखाणे घेणारी सून

ही गोष्ट खरी आहे, देवाशप्पथ. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीय. म्हणजे तेव्हा माझा जन्म व्हायचा होता, पण ते सोडा. पांघरुणं घ्या आणि ऐका.

एक होता राजा. आपल्याच गावचा, बरं का. मिशी मोठी, राज्य लहान. गावात दिवेलागणीनंतर सापाचं नाव घेत नसत. घेतलं की तो येतो म्हणे. मग ‘लांबडं’ म्हणायचं. राजा भित्रा, त्यानं दिवसाही बंदी केली. झालं, कोणता साप कोणता हेच लोक विसरले. लांबडं दिसलं की मारायचं. एकदा तर विहिरीचा दोरच मारला.

मग उंदीर माजले. त्यांना खाणारं कुणी उरलंच नव्हतं ना. कणगे फस्त झाले. बियाण्याच्या भाताचा एकच कणगा राहिला. तो गेला की गाव उठणार.

राजाची सून होती मथुरा. तिच्या माहेरी असली बंदी नव्हती, म्हणून तिला साप ओळखता येत. ती थेट वारुळाशी गेली. म्हणाली, “नागोबा, उंदीर खाणारं कुणी पाठवा.”

नागोबा म्हणाला, “संध्याकाळी तिघं येतील. नावानं ओळखलंस तर विषारी मुकाट परत जाईल. ज्याला ‘ये’ म्हणशील, तो आत येईल. चुकलीस तर मला बोल लावू नकोस.”

संध्याकाळी सगळे ओटीवर दाटले. सासूबाई म्हणाल्या, “ही नवऱ्याचं नाव घेत नाही आणि लांबड्याचं घेणार.”

“उखाण्यात घेतेच की, आत्याबाई,” मथुरा म्हणाली. “उखाण्यातल्या नावाला दोष नसतो.”

सासूबाईंनी पाय वर घेतले.

मग पहिलं जनावर आलं. काळंनिळं, चकचकीत. मथुरा उंबऱ्यातूनच म्हणाली,

“शेपटीकडे ठळक होते जोडरेघांची हार,
लांबूनच नाव घेते, ही तर मण्यार.”

मण्यार वळून निघून गेली. मग दुसरं आलं, लठ्ठ, कुकरसारखं फुसफुसत.

“पाठीवर साखळी, अंग जसा फणस,
फुस्स करून बसलीय दाराशी घोणस.”

तीही गेली. मग तिसरं आलं. माणसाहून लांब, मान उंच केलेलं. लोक ओरडले, नाग आला, नाग. राजानं काठी उगारली. मथुरेनं काठी धरली.

“मामंजी, काठी उगारलीत तरी फणा कुठाय?”

“चुकलीस तर?”

“तर पहिला डंख मला.” आणि तिनं नाव घेतलं.

“फणा नाही, विष नाही, उंदरांचा रावण,
मामंजींच्या कणग्याला राखण आली धामण. ये बाई.”

धामण सरसरत कणग्याखाली गेली. उंदरांची पळापळ झाली. बियाणं वाचलं, पेरलं आणि भात एवढा उंच झाला की कापायला शिड्या लावल्या. राजानं बंदी उठवली आणि स्वतः उखाणे पाठ केले. म्हणून आजही आपल्या गावात नवरी दोन उखाणे घेते, एक नवऱ्याचा, एक सापाचा. आहे असं दुसरं गाव? दाखवा.

आता खरं सांगतो. नागोबा बोलला, हे मी रचलं. शिड्याही माझ्याच. सापाला उखाणा कळत नाही, नाव घेतलं म्हणून तो परत जात नाही. पण जोडरेघा खऱ्या, साखळी खरी, आणि ओळख पटली तरी लांब उभं राहायचं, तेही खरं.

गाव पोटभर जेवलं, धामणही जेवली. तुम्हीही जेवलायत. मिटा डोळे.