मोडकी बिजागरी

“...आणि पाण्यात पडला तर?” बुवांनी विचारलं.

“पुसायचा आणि पुढं कामाला लागायचं,” विद्याधर म्हणाला.

“उंचावरून पडला तर?”

“छातीइतक्या उंचीवरून शहाबादी फरशीवर टाकून बघा. ओरखडासुद्धा येणार नाही.”

“धूळ?”

“आत जातच नाही.”

“मुंगी?”

“मुंगीलाही वाट ठेवलेली नाही, बुवा.”

तुळशीगीर बुवांनी तो काळा, जाडजूड लॅपटॉप मांडीवर घेतला आणि त्याच्यावरून हात फिरवला.

“बिचारा,” ते म्हणाले.

विद्याधर पोंक्षेला हा शब्द लागला. लागणारच. त्याच्या कंपनीत लॅपटॉपचं रंगरूप ठरवणारे वेगळे होते, जाहिरात करणारे वेगळे. पण तो फुटू नये, ही जबाबदारी याची एकट्याची. उभं आयुष्य त्यानं यंत्रं आपटण्यात, बुडवण्यात, तापवण्यात घालवलं होतं आणि जिथं तडा गेला ती जागा बुजवली होती. कंपनीत त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

असा माणूस निवृत्त झाला की घरच्यांच्या डोक्यावर मिरे वाटतो म्हणतात. याच्या घरी मिरे वाटायला डोकंच उरलं नव्हतं. बायको, उर्मिला, मागंच सांगलीला बहिणीकडे गेली ती गेलीच. भांडण नाही, तंटा नाही. “तुमचं माझ्यावाचून काही अडत नाही,” एवढंच म्हणाली, आणि तेव्हा त्यालाही ते खरंच वाटलं होतं.

अडायला लागलं ते नंतर. घरात आवाज हवा म्हणून तो टीव्ही लावून ठेवायचा आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचा. दुधाची पिशवी घेताना दूधवाल्याशी दोन शब्द जास्त बोलायचा, आणि दूधवाला घाईत असला की दिवसभर मनाला लावून घ्यायचा. शेवटी कुणीतरी बालाघाटच्या डोंगरातल्या या मठाचं नाव सांगितलं, तसा तो बॅग उचलून इथं आला.

“मला दीक्षा द्या,” तो आता म्हणाला. “इथंच राहीन. फक्त मन या लॅपटॉपसारखं करून द्या. कुणी गेलं, कुणी आलं, काही होऊ नये.”

बुवांनी मांडीवरच्या लॅपटॉपवर बोटानं टकटक करून बघितली.

बाहेर चपला वाजल्या. खालच्या वस्तीवरची गयाबाई पदरानं तोंड पुसत ओसरीवर आली. तिचा लेक मस्कतला गाडी चालवतो. तिच्या साध्या फोनवर आवाज यायचा, पण माणूस दिसायचा नाही. शेजारणीच्या फोनवर दिसायचा तो सुपारीएवढा. म्हणून ती लेकाशी बोलायला मठात यायची. मठात एक लॅपटॉप होता.

लॅपटॉप म्हणायचा म्हणून म्हणायचा. कुण्या भक्तानं जुना झाला म्हणून देवाला वाहिलेला. बिजागरी तुटलेली, झाकण मान टाकल्यासारखं मागं पडायचं. ते कुणीतरी हातानं नेमकं तिरकं धरलं तरच चित्र दिसायचं. हात जरा हलला की सगळा अंधार. त्यामुळं मठाचा रिवाजच पडला होता. ज्याला बोलायचं असेल त्यानं झाकण धरायला आणखी कुणाला तरी बरोबर घेऊन यायचं. एकट्यानं यायचंच नाही.

गयाबाई आज एकटी आली होती. तिची जाऊ बाजाराला गेली होती.

बुवांनी विद्याधरकडे बघितलं.

“धर,” ते म्हणाले.

विद्याधरनं ती बिजागरी पाहिली आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. मागं वीट लावा की, असं त्यानं सुचवलं. वीट लावून झाली होती, पाट लावून झाला होता, चित्र काही टिकत नव्हतं. मग तो नाइलाजानं लॅपटॉपच्या पाठीमागं मांडी घालून बसला आणि दोन्ही हातांनी झाकण धरलं.

बुवांनी कॉल जोडून दिला.

झाकण धरणाऱ्याला मागून चित्र दिसत नाही. त्याला दिसतं ते फक्त बोलणाऱ्याचं तोंड. विद्याधरला गयाबाईचं तोंड दिसत होतं, हातभर अंतरावर.

शेळी व्यायली, ते तिनं सांगितलं. दोन्ही करडं पांढरी. भात नीट शिजतो का, असं विचारलं. लेक काहीतरी चेष्टेचं बोलला असावा, ती तोंडावर हात ठेवून हसली. विद्याधरलाही हसू आलं. त्याचा हात हलला...

“भाऊ, गेला बघा तो.”

त्यानं घाईनं झाकण सरळ केलं. तिचा चेहरा पुन्हा उजळला.

मग बोलणं संपलं. कॉल चालूच होता. ती नुसती बघत होती, तिकडून लेकही बघत असणार. विद्याधरच्या मनगटाला रग लागली, खांदा भरून आला, पण त्यानं हात हलू दिला नाही. इतका वेळ एखाद्या माणसाच्या तोंडाकडे तो कधी बघत बसला नव्हता. उर्मिलेचा चेहरा आठवून बघितला. आठवली ती दारातून बाहेर पडताना दिसलेली तिची पाठ.

कॉल संपला. गयाबाईनं डोळे पुसले आणि त्याचं एक मनगट हातात घेऊन चोळायला लागली.

“रग लागली असंल,” ती म्हणाली. “तुमी हुता म्हणून दिसला हो लेक.”

कुणी हात हातात घेतल्याला किती काळ लोटला होता, कुणास ठाऊक. विद्याधरच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला त्याच्याकडे दुसरा हातही मोकळा नव्हता. त्या हातानं झाकण अजून धरलेलंच होतं. गयाबाईनं बघून न बघितल्यासारखं केलं. उद्या लेकाला सुट्टी आहे, उद्याही तो बोलणार आहे, असं ती सांगू लागली.

“जाऊला सांगू का, का तुमी हायसा?”

“आहे,” तो म्हणाला. विचार करायच्या आधीच म्हणाला.

ती उतारावरून खाली गेली. ती झाडांआड होईपर्यंत तो बघत राहिला. बऱ्याच दिवसांनी त्याला बरं वाटत होतं आणि या बाईसाठी, या मठासाठी काहीतरी करावं असं फार वाटत होतं.

पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. त्यानं बॅग उघडली आणि बारका स्क्रूड्रायव्हर काढला.

“बुवा, ही बिजागरी मी आत्ता बसवून देतो. अर्ध्या तासाचं काम आहे. नाहीतर असं करू, हा माझाच लॅपटॉप मठाला ठेवून घ्या. तुमच्या-माझ्यामागंही चालेल. मग कुणाला काही धरायला नको. ज्यानं त्यानं यावं, आपलं आपण बोलावं आणि जावं.”

बुवांनी मांडीवरचा काळा लॅपटॉप उचलून त्याच्यापुढं ठेवला. मग मोडका त्याच्या शेजारी ठेवला.

दोन्हींवर एकेक हात ठेवला.

“बसव की बिजागरी,” ते म्हणाले. “फक्त उद्या गया आली की तू कुठं बसणार, तेवढं सांग.”