ढाण्या एडका देवाचा होतो

जनावरं आपसात भरपूर बोलायची, तेव्हाची गोष्ट. बिरोबाच्या जत्रेत एडक्यांच्या टकरी लागत. जिंकणाऱ्याच्या शिंगांना गुलाल लागे आणि हरणाऱ्याचा संध्याकाळी रस्सा होई. ढाण्या एडका कधीच हरला नव्हता.

एका जत्रेत त्यानं समोरच्याला लोळवलं आणि गुलाल उधळला जात असतानाच तो तडक देवळात शिरून, गुडघे टेकून, डोळे मिटून बसला.

"एडका देवाचा झाला!" माणसं ओरडली. मालकानं कपाळावर हात मारला, पण देवाच्या जनावराला कोण अडवणार? ढाण्या देवळातच राहिला आणि नैवेद्यावर पोसू लागला.

शेजारचा बोकड जळफळला. "अंगात एवढी रग असताना सोडलंस? अजून चार जत्रा गाजवायच्या होत्यास. हरल्यावर यायचं की देवळात!"

ढाण्या सावकाश रवंथ करत म्हणाला, "गेल्या जत्रेत मी लोळवलेला काळ्या एडकाही इथंच येऊन असाच डोळे मिटून बसला होता."

"मग?"

"त्याला बघून कुणालाच देव आठवला नाही रे. सगळ्यांना मसालाच आठवला."