शेताचा पसा

ही गोष्ट खूप जुनी आहे. इतकी जुनी, की तेव्हा पक्षी बोलत असत आणि माणसांना ते ऐकायला वेळही असे.

खाडीच्या काठी एक लहानसं राज्य होतं. तिथली माणसं खाडीतून टोपल्या भरून शिंपले आणत आणि भट्टीत भाजून त्यांचा चुना करत. एक रीत मात्र कुणी मोडत नसे. वाटेत आपलं शेत लागलं, की पसाभर शिंपले कुटून त्यात टाकायचे आणि मगच भट्टीकडे जायचं. याला म्हणत शेताचा पसा. तो का टाकायचा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारलं, तर ‘आजा टाकायचा’ एवढंच उत्तर मिळे.

पुढे गादीवर नवा राजा आला. तो वाईट नव्हता, हौशी होता. किल्ल्याचा काळा दगड त्याच्या डोळ्यांत खुपू लागला. त्याला किल्ला पांढराशुभ्र हवा होता, दहा कोसांवरून दिसेल असा. त्याने दवंडी पिटवली, की यापुढे सगळे शिंपले भट्टीतच गेले पाहिजेत. लोकांचे कुटायचे कष्ट वाचले, तेव्हा कुणी कुरकुर केली नाही.

किल्ला पांढरा झाला. दर वर्षी त्यावर चुन्याचा नवा हात फिरू लागला.

असे बरेच पावसाळे गेले. किल्ल्याखालच्या शेतात एक टिटवी राहत होती. तिने चार अंडी घातली, उबवायला बसली आणि चारही तिच्या पोटाखाली पिचली. हे सलग तिसरं वर्ष होतं. एकदा तरी आपलं पिल्लू धावताना पाहावं, एवढीच तिची इच्छा होती.

ती चुन्याची भट्टी चालवणाऱ्या एका म्हातारीकडे गेली. रडत नव्हती, चांगली चिडली होती. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं आणि काय काय खातेस, असं विचारलं. टिटवी म्हणाली, पूर्वी शेतात गोगलगाई मिळत, आता औषधालाही सापडत नाहीत. म्हातारी विचारात पडली. शेजाऱ्यांच्या कोंबड्या मऊ अंडी घालत होत्या, वासरं पायांवर नीट उभी राहत नव्हती. तिच्या स्वतःच्या कोंबड्यांचं मात्र बरं चाललं होतं. त्या दिवसभर भट्टीपाशी शिंपल्यांचा चुरा टिपत असत.

दुसऱ्या दिवशी म्हातारी टिटवीला खांद्यावर घेऊन दरबारात गेली. तिने राजाच्या उजव्या हातात आपल्या कोंबडीचं आणि डाव्या हातात शेजाऱ्याच्या कोंबडीचं अंडं ठेवलं आणि मुठी मिटायला सांगितलं. उजवीकडचं टणक राहिलं. डावीकडचं फुटून बलक राजाच्या जरीच्या बाहीत शिरला.

“महाराज, या अंड्याचं कवच तुमच्या भिंतीवर आहे,” म्हातारी म्हणाली. “आपला पाऊस मातीतला चुना धुऊन खाडीत नेतो. खाडीतले जीव त्याचे शिंपले करतात. आम्ही त्यातला पसाभर परत आणत होतो, म्हणून तो गवतात चढायचा, गवतातून दुधात, दुधातून हाडांत. गोगलगाईच्या पाठीवरून या टिटवीच्या अंड्यात. पाऊस नेतोच आहे. आणणारे आम्ही तेवढे थांबलो.”

टिटवी एवढंच म्हणाली, “किल्ला लांबून दिसतो, महाराज. पण उद्या तो पाहायला कोण असेल?”

राजाला फार वाईट वाटलं. बाही न धुताच तो बाहेर गेला आणि स्वतः भिंत खरवडू लागला. मग सगळं राज्य खरवडायला आलं. भिंतीवरचा चुना टोपल्यांतून शेतांत गेला आणि शेताचा पसा पुन्हा सुरू झाला.

पहिल्या वर्षी काहीच घडलं नाही. दरबारी कुजबुजले, पण राजाने आपली टोपली खाली ठेवली नाही. दुसऱ्या वर्षी गोगलगाई दिसल्या. तिसऱ्या वर्षी टिटवी अंड्यांवर बसली आणि एकही पिचलं नाही. उलट एके सकाळी आतून टकटक ऐकू आली.

चार पिल्लं बाहेर पडली आणि अंग वाळताच शेतातून पळत सुटली. टिटवी किल्ल्याभोवती ओरडत अशा घिरट्या घालू लागली, की राजा अनवाणी धावत आला. त्याने नगारे वाजवायला सांगितले. वासरं गोठ्यातून उधळली, माणसं बांधांवर नाचली. किल्ला काळाच राहिला आणि राजाला तो पहिल्यांदा देखणा वाटला.

मुलांनो आणि मोठ्यांनो, मातीकडून घेतलेल्यातलं पसाभर तरी मातीला परत द्यावं, कारण सगळ्यांची हाडं त्यावरच उभी असतात.