राजवैद्य आणि ओतून दिलेला काढा

पूर्वी वेणुवती नगरात वीरकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व वैद्यकुळात जन्मला आणि पुढे राजवैद्य झाला.

एका उन्हाळ्यात राजाला लघवीची जळजळ सुरू झाली. बोधिसत्त्वाने काट्याकुट्यांतून गोखरू वेचले, पुनर्नवा खणली, काढा उकळला. माठात वाळा घातला. तरी उतार पडेना, उलट ताप चढू लागला. "तुमच्या मुळ्यांत दम नाही," राजा कण्हत म्हणे.

एके सकाळी बोधिसत्त्वाला राजाच्या खिडकीखाली, भिंतीवर काढ्याचे तपकिरी ओघळ दिसले. त्याचे डोके तडकले. तो तडक आत गेला.

"महाराज, ओतूनच द्यायचा तर मला उन्हातान्हात कशाला राबवता? दुसरा वैद्य बघा. मी कंटाळलो."

राजा म्हणाला, "काढा घेतला की सारखं उठावं लागतं. राजा उठला की सभा मोडते, ही आमची रीत. न्याय मागायला आलेली माणसं तशीच परततात. आणि का उठलो, हे कुणाला सांगू? म्हणून पाणीसुद्धा पीत नाही."

"हे मला आधी सांगायचं होतं."

"लाज वाटली."

बोधिसत्त्व चरफडतच घरी गेला. पण दुसऱ्या दिवशी भरसभेत तो उभा राहिला. "महाराज, माझं वय झालं. लघवी आवरत नाही. सभा थोडी थांबवावी, मोडू नये."

हशा पिकला. "वैद्यराजांसाठी सभा थांबेल," राजा म्हणाला आणि मागच्या दाराने स्वतःही जाऊन आला.

मग हे रोजचेच झाले. राजा काढा घेऊ लागला, पाणी पिऊ लागला. इकडे, स्वतःला बरे न करणारा वैद्य आपल्याला काय करणार, म्हणून नगरातले रोगी फिरकेनासे झाले. "घरी तर काही होत नाही, सभेतच कसं होतं?" बायकोने वैतागून विचारले. बोधिसत्त्वही वैतागला होता, पण राजाचे गुपित त्याने फोडले नाही.

राजाचा ताप उतरला, जळजळ थांबली. एक दिवस बोधिसत्त्व नेहमीप्रमाणे उठू लागला, तोच राजा उभा राहिला.

"बसा, वैद्यराज. इतके दिवस आजारी मी होतो. आताही मलाच जायचं आहे. सभा थांबेल."

कुणी हसले नाही.

ही कथा सांगून भिक्षूंचे गुरू शास्ता रुग्णसेवेला कंटाळलेल्या भिक्षूला म्हणाले, "तू ज्याच्यावर चिडलास तो आजारी भिक्षूच तेव्हाचा राजा. त्याच्या दुखण्याला हसणारे तुझे सोबती म्हणजे ती सभा. वैद्य मीच होतो." जीव वैतागला तरी रुग्णाचा हात न सोडणे, हीच क्षांती, खरी सहनशीलता.